गाडीची बॅटरी उतरली तर...

पहिली पाळी गाठायची म्हणून पहाटे मोशी, चिखली किंवा पिंपळे सौदागरच्या एखाद्या सोसायटीच्या वाहनतळात उतरावे, गाडीत बसून किल्ली फिरवावी आणि इंजिनाच्या आवाजाऐवजी नुसती ‘टक् टक् टक्’ ऐकू यावी, हा अनुभव मोटार बाळगणाऱ्या बहुतेकांनी एकदा तरी घेतलेला असतो. बॅटरी उतरलेली असते. वॉचमन, शेजारी आणि रस्त्याने जाणारा एखादा टेम्पोचालक मदतीला धावतात, प्रत्येक जण वेगळा सल्ला देतो आणि त्या गडबडीत एखादी वायर भलत्याच टोकाला लागते. पाच मिनिटांच्या कामाचे रूपांतर मग काही हजारांच्या दुरुस्तीत, क्वचित डोळ्याला झालेल्या इजेतही होते. म्हणूनच हे काम नेमके कसे करावे आणि कुठे थांबावे, हे आधीच माहीत असलेले बरे.

प्रारंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. घरात कोणी अत्यवस्थ असेल आणि रुग्णालयात जाण्यासाठीच गाडी काढायची असेल, तर बॅटरीशी झटापट करीत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा शेजाऱ्याची गाडी मागावी. पुढील सर्व माहिती हाताशी वेळ आहे असे गृहीत धरून दिलेली आहे.

बॅटरी आणि आपला परिसर

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा मोटारींचा म्हणून ओळखला जातो. आकुर्डीला बजाज, पिंपरीला टाटा मोटर्स (पूर्वीची टेल्को), तर चाकणला १९९९ मध्ये बजाज ऑटोचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. या सर्व वाहनांना जिवंत करणारी वस्तूही येथेच तयार होते, हे मात्र अनेकांच्या लक्षात नसते. आज एक्साइड इंडस्ट्रीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने आपला दुसरा कारखाना १९६९ मध्ये चिंचवडला काढला.

या बॅटरीचे मूळ तत्त्व मात्र त्याहून फार जुने आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भारित करता येणारा विद्युतघट बनविला. मोटारीत तिला मानाचे स्थान मिळाले ते चार्ल्स केटरिंग यांच्या सेल्फ स्टार्टरमुळे. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये तो प्रथम बसविला गेला. त्यापूर्वी हँडल मारूनच इंजिन सुरू करावे लागे आणि ते उलटे फिरल्यास मनगट मोडत असे. आपल्याकडे जुन्या अॅम्बॅसिडर आणि जीपगाड्यांचे हँडल अनेक ज्येष्ठ वाचकांच्या स्मरणात असेल. आजच्या मोटारींना ती सोय नाही. त्यामुळे बॅटरी उतरली की गाडी जागच्या जागी अडते.

‘उतरली’ म्हणजे काय झाले?

मोटारीच्या बॅटरीत सहा घट असतात. प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो. म्हणजे आपण ज्याला १२ व्होल्टची बॅटरी म्हणतो, तिचा दाब पूर्ण भारित अवस्थेत प्रत्यक्षात १२.६ ते १२.७ व्होल्ट असतो. बॅटरी वापरली जाते तसे आम्लातील गंधकाचे अंश शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटच्या रूपाने बसत जातात आणि आम्ल पातळ होते. चार्जिंग करताना हीच क्रिया उलट घडते. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर हे सल्फेट कठीण होते आणि मग ते पूर्णपणे परत विरघळत नाही. म्हणूनच उतरलेली बॅटरी आठवडाभर तशीच ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे होय. शक्यतो एक-दोन दिवसांत ती चार्ज करावी.

‘गाडीचा दिवा लागतो आहे, म्हणजे बॅटरी ठीक आहे,’ हा सर्वांत मोठा गैरसमज. आतल्या छोट्या दिव्याला अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह लागतो. सेल्फला मात्र त्या दोन-तीन सेकंदांत शंभर-दोनशे अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह हवा असतो. अशक्त बॅटरी दिवा लावू शकते, पण इंजिन फिरवू शकत नाही.

बॅटरी उतरण्याची कारणे बहुधा साधीच असतात. हेडलाइट चालू राहिले तर दोन जुन्या पद्धतीचे दिवे मिळून सुमारे १० अँपिअर प्रवाह ओढतात. छोट्या मोटारीची ३५ अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी अशा वेळी तीन-साडेतीन तासांत रिकामी होते. दुसरे कारण गाडी उभी राहणे. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, संगणक थोडा प्रवाह घेतच असतात. तो अवघा २० मिलिअँपिअर धरला, तरी दिवसाला जवळपास अर्धा आणि महिन्याला सुमारे १४ अँपिअर-अवर खर्च होतो, म्हणजे ३५ च्या बॅटरीचा चाळीस टक्के भाग! २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या मोटारींनी हाच धडा दिला.

तिसरे कारण म्हणजे बॅटरीचे वय. आपल्या हवामानात तीन ते पाच वर्षे हे तिचे सर्वसाधारण आयुष्य. थंडीत बॅटरी बंद पडते ही समजूत अर्धीच खरी आहे. बॅटरीची खरी झीज उन्हाळ्यातील उष्णतेने होते; थंडी ती फक्त उघडकीस आणते.

आधी निदान, मग उपाय

किल्ली फिरविल्यावर काय ऐकू येते, त्यावरून बरेच कळते. भरभर ‘टक् टक्’ होऊन डॅशबोर्डचे दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोके सैल आहेत. एकच जोराचा ‘टक्’ होऊन दिवे प्रखरच राहत असतील, तर दोष सेल्फमध्ये असण्याची शक्यता अधिक. काहीच आवाज नाही आणि दिवेही नाहीत, तर टोक निसटले आहे किंवा बॅटरी पूर्ण रिकामी आहे. इंजिन झपाट्याने फिरते, पण सुरू होत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नये. अडचण इंधनाची, स्पार्कची किंवा किल्लीच्या सुरक्षा यंत्रणेची आहे. ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘पी’ किंवा ‘एन’वर आहे ना, हेही पाहावे.

त्यानंतर बॉनेट उघडून बॅटरीची टोके पाहावीत. त्यांवर पांढरट-हिरवट भुकटी साचली असेल किंवा चिमटा हाताने हलत असेल, तर कित्येकदा तेवढेच कारण असते. गाडी बंद ठेवून, पान्याने आधी काळे म्हणजे ऋण टोक सोडवावे, मग लाल म्हणजे धन टोक. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या दात घासण्याच्या ब्रशने टोके घासावीत, मात्र हे पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून आधी लाल आणि शेवटी काळे टोक घट्ट बसवावे. वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. काळे टोक आधी काढण्याचे कारण असे, की गाडीची संपूर्ण पत्र्याची बॉडी ऋण टोकाला जोडलेली असते. लाल टोक सोडविताना पाना चुकून पत्र्याला लागला, तर ठिणगी उडते. काळे आधीच सुटलेले असेल तर उडत नाही. काम सुरू करताना किल्ली गाडीत ठेवू नये आणि एक खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे दारे आपोआप बंद होऊन दुसरा प्रश्न उभा राहत नाही.

घरात मल्टीमीटर असेल तर उत्तम. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ व्होल्ट म्हणजे जवळपास पाव भारित बॅटरी, असा ढोबळ हिशेब आहे. १०.५ च्या आसपासच आकडा दिसत असेल आणि चार्ज करूनही वर जात नसेल, तर एखादा घट निकामी झाला असण्याचा संभव असतो.

दुसऱ्या गाडीवरून सुरू करताना

जंपर केबलने दुसऱ्या गाडीची मदत घेणे हा सर्वांत प्रचलित उपाय. आपल्या औद्योगिक पट्ट्यात मात्र तो करताना एक धोका विशेष लक्षात ठेवावा लागतो. चाकण, म्हाळुंगे, तळेगाव या भागांत रस्त्याच्या कडेला सर्वत्र मालमोटारी उभ्या असतात आणि त्यांचे चालक मनापासून मदतीला येतात. परंतु मोठ्या मालमोटारींची आणि बसगाड्यांची यंत्रणा सामान्यतः २४ व्होल्टची असते. त्यावरून मोटारीला जोडणी दिली, तर बॅटरी फुटू शकते आणि गाडीचा संगणक जळू शकतो. मदत १२ व्होल्टच्या गाडीचीच घ्यावी. संकरित, म्हणजे हायब्रिड गाडीवरूनही तिच्या माहितीपुस्तिकेत परवानगी असल्याखेरीज जोडणी करू नये. त्याचप्रमाणे सीएनजीच्या गाडीत गॅसचा वास येत असेल, तर कोणतीही वायर न जोडता गाडीपासून दूर व्हावे.

दोन्ही गाड्या एकमेकींना न टेकता जवळ उभ्या कराव्यात. दोन्हींचे दिवे, वातानुकूलन, टेप बंद करावेत, हँडब्रेक ओढावा. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळकी असेल, तर येथेच थांबावे. ती ठीक असेल, तर क्रम असा :

१. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन (+) टोकाला लावावे.
२. लाल केबलचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावे.
३. काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण (–) टोकाला लावावे.
४. काळ्या केबलचे दुसरे टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता, त्या गाडीच्या इंजिनावरील रंग नसलेल्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून दूर लावावे.

चौथी पायरी लोक हमखास चुकतात. शेवटची जोडणी करताना बारीक ठिणगी उडतेच. बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले, की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. असा स्फोट लहान असला, तरी आम्ल चेहऱ्यावर उडते. ठिणगी बॅटरीपासून दूर पडावी, एवढ्यासाठीच ही काळजी.

आता मदत करणाऱ्या गाडीचे इंजिन सुरू करून पाच मिनिटे थांबावे आणि मग बंद गाडीला सेल्फ मारावा. एका वेळी पाच-सात सेकंदांहून अधिक नको. सुरू झाली नाही, तर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करावा. तीन-चार प्रयत्नांत यश आले नाही, तर दोष अन्यत्र आहे असे समजावे. गाडी सुरू झाल्यावर केबल बरोबर उलट क्रमाने काढाव्यात. तळघरातील वाहनतळात हे करीत असाल, तर इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड साचतो हे विसरू नये. शक्य तितके मोकळ्या हवेत काम करावे.

केबल निवडताना किमतीपेक्षा तांब्याच्या जाडीकडे पाहावे. लहान पेट्रोल गाडीसाठी किमान १६ चौरस मिलिमीटरची केबल घ्यावी. डिझेलसाठी त्याहून जाड. स्वस्त केबलमध्ये बाहेरचे रबर जाड आणि आतली तार बारीक असते. ती तापते, पण इंजिन फिरवत नाही. अलीकडे हातात मावणारे लिथियमचे जंप स्टार्टरही मिळतात. दुसरी गाडी न शोधता ते उपयोगी पडतात. मात्र ते स्वतः चार्ज केलेले असावे लागतात आणि उन्हात तापलेल्या गाडीत ते ठेवू नयेत.

धक्का मारावा काय?

हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत हा जुना उपाय आजही चालतो. इग्निशन चालू ठेवून, क्लच दाबून, दुसरा गिअर टाकावा. गाडीने चालण्यापेक्षा थोडा अधिक वेग घेतला, की क्लच झटक्यात सोडावा आणि इंजिन लागताच पुन्हा दाबावा. तथापि आजच्या गाड्यांत इंधनपंप आणि संगणक चालण्यापुरती वीज बॅटरीत असावीच लागते. पूर्ण रिकाम्या बॅटरीवर धक्क्याचा उपयोग होत नाही. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारून सुरू करताच येत नाही. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही जड होतात. त्यामुळे तळघराच्या उतारावर हा प्रयोग करणे धोक्याचे आहे. धक्का मारणाऱ्यांनी गाडीच्या पुढे कधीही उभे राहू नये.

घरी चार्जिंग करताना

सदनिकेत राहणाऱ्यांची खरी अडचण म्हणजे वाहनतळात प्लग नसतो. बॅटरी काढून वर न्यावी लागते. छोट्या मोटारीची बॅटरी नऊ-दहा किलोंची असते. ती सरळच धरावी, कलंडू देऊ नये. चार्जिंग हवेशीर बाल्कनीत करावे. स्वयंपाकघरात गॅसजवळ, देवघरातील समईजवळ किंवा बंद खोलीत कदापि नको. लहान मुलांना तेथे फिरकू देऊ नये.

चार्जरचा प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या एकदशांश ठेवावा, म्हणजे ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर. पूर्ण चार्ज व्हायला दहा-बारा तास लागतात. घाई करू नये. आधी चिमटे लावावेत, मग भिंतीवरील बटण सुरू करावे; काढताना आधी बटण बंद करावे. आपोआप थांबणारा चार्जर घेतला तर रात्रभर जागरण करावे लागत नाही. घरातील इन्व्हर्टरला मोटारीची बॅटरी जोडण्याचा मोह मात्र टाळावा, कारण इन्व्हर्टरची चार्जिंग व्यवस्था त्याच्या कितीतरी मोठ्या बॅटरीसाठी जुळविलेली असते. एवढा खटाटोप नको असेल, तर जवळच्या बॅटरीच्या दुकानात ती चार्जिंगला टाकावी. तेथे ‘लोड’ देऊन बॅटरीची तपासणीही करून घेता येते.

बुचे उघडणारी बॅटरी असेल, तर पाण्याची पातळी पाहावी. पट्ट्या उघड्या पडल्या असल्यास त्या बुडतील इतकेच डिस्टिल्ड पाणी घालून चार्ज करावे आणि खुणेपर्यंतची भर चार्जिंगनंतर घालावी. नळाचे, घरच्या फिल्टरचे किंवा एसीतून ठिबकणारे पाणी चालत नाही. आम्ल तर कधीच घालू नये. कमी होते ते पाणी, आम्ल नव्हे. हे सारे करताना चष्मा आणि रबरी हातमोजे असावेत, हातातील अंगठी, कडे काढून ठेवावे. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास न चोळता, किमान पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धरावा आणि तडक नेत्रतज्ज्ञ गाठावा.

गाडी सुरू झाल्यावर

सुरू झालेली गाडी पाच मिनिटे जागेवर चालवून बंद केली, तर संध्याकाळी तोच प्रसंग ओढवतो. निदान अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्याने चालवावी. मात्र त्यानेही पूर्ण उतरलेली बॅटरी काठोकाठ भरत नाही. त्यासाठी चार्जरच हवा. पुणे-नाशिक मार्गावर तळेगाव चौकाच्या कोंडीत वातानुकूलन आणि दिवे लावून तासभर रखडणे म्हणजे बॅटरी भरणे नव्हे, कारण संथ फिरणाऱ्या इंजिनावर अल्टरनेटर फार कमी वीज देतो.

इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. त्याहून बरेच कमी असतील, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा. अन्यथा नवी बॅटरीही उतरेल. चालू गाडीत बॅटरीचे टोक काढून ‘डायनामो’ तपासण्याची जुनी पद्धत आजच्या संगणकाधारित गाड्यांत अजिबात वापरू देऊ नये. त्यामुळे दाब एकदम उसळून महागडे भाग जळतात. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या इंजिनाच्या गाड्यांना विशेष प्रकारची बॅटरी लागते. तेथे साधी बॅटरी बसवून पैसे वाचत नाहीत.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनाही ही अडचण चुकलेली नाही. त्यांच्यातही बहुधा १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ‘जागी’ होत नाही. अशा वेळी माहितीपुस्तिका पाहावी आणि नारिंगी रंगाच्या वायरींना हात लावू नये.

गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल, तर आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवावी किंवा जाणकाराला विचारून ऋण टोक सोडून ठेवावे.

जुनी बॅटरी कोठे द्यावी?

बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. म्हणून तिला भंगारात भाव मिळतो आणि म्हणूनच ती चुकीच्या हाती पडते. उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसे वितळविल्यास आम्ल जमिनीत मुरते आणि शिशाचा धूर वस्तीत पसरतो. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि ही हानी भरून येत नाही. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २००१ च्या नियमांनी उत्पादक व विक्रेत्यांवर टाकली होती. त्यांची जागा आता २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली आहे. नवी बॅटरी घेताना जुनी त्याच अधिकृत विक्रेत्याकडे द्यावी, तिची किंमत बिलातून वजा करून घ्यावी आणि वॉरंटीपत्रावर तारखेसह शिक्का घ्यावा. ‘मोफत बदलून’ मिळण्याचा काळ किती आणि त्यानंतरचा ‘सवलतीचा’ काळ किती, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

शेवटी, मुद्दा एका सकाळच्या खोळंब्याचा नाही. गाडीत एक चांगली केबल, पाना, हातमोजे, चष्मा आणि टॉर्च एवढे साहित्य ठेवावे, आणि घरात गाडी चालविणाऱ्या प्रत्येकाने जोडणीचा क्रम एकदा दिवसाउजेडी, गाडी चालू स्थितीत असताना समजून घ्यावा. अंधारात, घाईत आणि चार जणांच्या सल्ल्यांत तो आठवत नाही.